बिनकव्हराची कादंबरी आणि आईची आण

हे कुणासाठी

जिला नुकतंच कळलं आहे तिच्यासाठी, आणि तिच्या शेजारी दवाखान्यातल्या स्टुलावर बसलेल्या माणसासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

मी विट्यात ब्लाउज शिवते. नवरा गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान चालवतो, पण ते इथं नाही, कोइमतूरला. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच. पुरुष तिकडं भट्टीवर, बायका इकडं घर, शेत आणि देवाधर्माचं बघायला. मला स्तनाचा कर्करोग झाला. हा शब्द लिहायला मला बरेच दिवस लागले आणि तोंडानं म्हणायला त्याहून जास्त. आता शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, डोक्यावर केस आले. तरीही तपासणीची तारीख जवळ आली की भाजीत मीठ दोनदा पडतं आणि गिऱ्हाइकाचं माप मी उलटं लिहिते.

रोगाची माहिती डॉक्टर देतील. मला एका कादंबरीबद्दल सांगायचं आहे, आणि ती वाचताना आमच्या घरात काय झालं त्याबद्दल.

कळलं तो दिवस

गाठ मला आंघोळ करताना लागली. दिवसभर मशीनवर वाकून बसणारीला खांदे, पाठ, बरगड्या काहीतरी दुखतच असतं, म्हणून मी आधी मशीनलाच दोष दिला. मग शेजारणीनं मला जबरदस्तीनं मिरजेला पाठवलं. सोबत आई होती. ती माझ्या भावाकडं खेड्यात राहते, वडूजच्या बाजूला, पण माझी तब्येत बरी नाही असं कळताच पिशवी घेऊन आली होती.

डॉक्टरीण माझ्याहून लहान असेल. तिनं रिपोर्ट दोनदा वाचला, खुर्ची पुढं ओढली, तेव्हाच मी ओळखलं. पुढचं तिचं बोलणं मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. मी तिच्या ब्लाउजच्या गळ्याकडं बघत होते. कडेची पाइपिन, म्हणजे शिवलेली गोट, वाकडी बसली होती. आपल्याला मरणाचं काहीतरी सांगितलं जातंय आणि आपण पाइपिन बघतोय, याची मला लाजही वाटली.

मग तिनं विचारलं, "रक्ताच्या नात्यात कुणाला झाला होता का? आईकडून, वडिलांकडून?"

"न्हाई," आई म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली.

"नीट आठवा, आजी. कारण यांचं वय कमी आहे."

"न्हाई म्हणलं न्हवं. आमच्यात कुणालाच न्हाई."

डॉक्टरणीनं मान हलवली आणि मला विचारलं, बहीण आहे का. आहे, म्हणाले, धाकटी, साताऱ्याला दिलीय. "तिला तपासून घ्या. आणि घरात आणखी कुणाला होता असं कळलं, तर एक दिवसही थांबू नका." मी हो म्हणाले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

आमच्याकडं एक पद्धत आहे. भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला फोनवर वाईट बातमी सांगायची नाही. समोर जाळ, हाताशी तेजाब, म्हणजे ॲसिड. लक्ष विचलित झालं तर हात जातो. त्यामुळं आमच्या बायका फोन उचलला की आधी म्हणतात, "इकडं समदं बरं हाय." खरं काय ते दुकान बंद झाल्यावर. मीही तेच केलं. दुपारी त्यांचा फोन आला, तेव्हा समदं बरं हाय म्हणाले, संध्याकाळी मी केला तेव्हा खरं सांगितलं. मग ते म्हणाले, "मी निघतो." तेवढ्यानं मला किती धीर आला, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

रेखा

धाकट्या बहिणीचं नाव रेखा. तिचा नवरा फौजेत आहे, पोस्टिंग लांब. साताऱ्यात ती, सासू आणि दोन लहान मुलं. मी तिला तपासणीचं सांगितलं तेव्हा आधी ती माझ्यासाठी रडली आणि मग म्हणाली, "पण ताई, आपल्यात कुणालाच नाही म्हणते ना आई? मग मला कशाला?"

"डॉक्टर म्हणाल्यात."

"हे दिवाळीला सुट्टीवर आले की जाईन. पोरांना कुठं टाकू?"

ती घाबरली होती. मी मोठी असून मला रागावता आलं नाही, कारण तिच्या जागी मीही हेच बोलले असते. पण दिवाळी लांब होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मला माझ्यापेक्षा तिचीच काळजी लागून राहिली. आपलं जे व्हायचं ते आता डॉक्टरांच्या हातात गेलंय, असं म्हणून माणूस हात झटकू शकतो. तिचं तर कुणाच्याच हातात नव्हतं.

केमोचे दिवस

केमोच्या खोलीत एक कपाट होतं. बरे होऊन गेलेले लोक त्यात पुस्तकं ठेवून जात. पोथ्या, स्पर्धा परीक्षांची गाइडं, जुने दिवाळी अंक. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मालगावच्या एक काकू असायच्या. हाताला सलाईन लावलं की त्या डोळे मिटायच्या नाहीत. मी पुढ्यातला अंक वाचतेय की नुसती भिंत बघतेय, यावर लक्ष ठेवायच्या. एक दिवस त्यांनी नर्सकरवी कपाटातून एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. कव्हर नव्हतं. पहिलं पानही नव्हतं. त्यामुळं नाव नाही, लेखक नाही.

"बागेचं पुस्तक हाय," त्या म्हणाल्या. "वाच. सुरवातीला लय नावं हायत, तेवढं नेटानं काढ."

"काकू, मला अक्षरं गरगरतात."

"मग एक पान वाच. पान वाचताना आपण आजारी नसतो बघ."

पुढच्या खेपेला त्या दिसल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी नर्सला विचारलं नाही. ज्याचं उत्तर ऐकायची ताकद नाही ते विचारू नये, असं मी त्या दिवसांत ठरवलं होतं. पुस्तक मात्र घरी घेऊन आले.

केमोनंतरचे दिवस सगळ्यांना माहीत असतात तसेच. तोंडाला चव नाही, फोडणीचा वास आला की ओकारी, उशीवर केस. मी मशीनवर बसू लागले आणि माझेच ब्लाउज उसवून, स्तन काढला त्या बाजूला आतून कापडाची घडी शिवली. गिऱ्हाइकांसाठी आयुष्यभर दोन्ही बाजू सारख्या काढल्या आणि स्वतःच्या मात्र कशाही निघाल्या. आई बाजूला बसून बघत होती, म्हणाली, "चांगलं दिसतंय." खोटं होतं, पण बरं वाटलं.

कादंबरी

आता कादंबरीबद्दल. शेवट सांगणार नाही.

एका व्यापाऱ्याचं मोठं घर. घराच्या मागं उंच भिंत आणि भिंतीपलीकडं बाग. ती बाग घरातल्या सुनांच्या धाकट्या नणंदेनं लावलेली. नणंदेनं असं काहीतरी केलं, की घरानं ती मेली असं जाहीर केलं. तिचं नाव काढायचं नाही. बागेचं दार चिणून टाकलं, पाटाचं पाणी तोडलं. वर्षं गेली. बाग वाळून खडखडीत व्हायला हवी होती. पण भिंतीवरून फांद्या बाहेर येतात, त्यांना फुलं येतात आणि घरात कुणीच त्यावर बोलत नाही. वर बघायचंही नाही असा जणू नियम.

मग कळतं की घरातली एकेक बाई भिंतीला कुठंतरी वाट करून चोरून पाणी घालते आहे. सासू वेगळी, थोरली सून वेगळी, मधली वेगळी. प्रत्येकीला वाटतं, हे फक्त मलाच माहीत आहे, आणि कळलं तर बाकीच्या मला घराबाहेर काढतील.

एवढंच कथानक असतं तर मी तुम्हाला सांगितलं नसतं. ह्या पुस्तकातल्या बायका खोटं बोलतात तेव्हा त्यांच्या हातांना काहीतरी काम असतं: तांदूळ निवडणं, वाती वळणं. मी आयुष्यभर बायकांची मापं घेतली आहेत. माप घेताना बाई काय काय बोलते, ते मला माहीत आहे. हे पुस्तक लिहिणाऱ्याला किंवा लिहिणारीला बायका काय बोलत नाहीत ते माहीत आहे. दोषही आहेत. सुरुवातीला नावांचा बुजबुजाट आहे. एक वकील येतो, तो पानंच्या पानं बोलतो. त्याला खुशाल गाळा.

आईला वाचून दाखवताना

आईला वाचता येतं, पण हळूहळू, ओठ हलवत. माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं नाचायची थांबली की मी मोठ्यानं वाचायची आणि ती माझ्या पायांना तेल लावत ऐकायची. दोन दिवसांत ती त्या घरात राहायलाच गेली. "ती थोरली चांगली हाय, पण मधलीचं मला न्हाई पटत," असं शेजारच्या घराबद्दल बोलावं तसं बोलायची. मी दमून पुस्तक मिटलं की नाराज व्हायची. "आगं, तिला विहिरीवर उभी करून निजतीस व्हय?"

मग ते प्रकरण आलं. थोरली सून कळशी घेऊन बागेत शिरते आणि समोर सासू कळशी घेऊन उभी. दोघी एकमेकींकडं बघतात.

आईचा हात माझ्या पायावर थांबला. ती उठली आणि मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी हाक मारली तर म्हणाली, "वाच तू. मला ऐकू येतंय." तिला काहीही ऐकू येत नव्हतं, नळ सोडलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून येऊन बसली. "पुढं काय झालं?"

मी वाचायला लागले, तर तिनं पानावर हात ठेवला. "मंगल, मला एक ठाव हाय. पर सांगता येत न्हाई. मी उचललाय."

"काय उचललाय?"

"बेलभंडारा."

आमच्या भागात माणूस कोर्टात खोटं बोलेल, सोयरिकीत तर हमखास बोलेल. पण देवापुढचा बेल आणि भंडारा तळहातावर घेऊन दिलेला शब्द मोडणार नाही. मोडला तर तो लेकराबाळांवर येतो. काय ते तिनं सांगितलं नव्हतं, पण मी ओळखलं. पदर बोटाला गुंडाळणं डोळ्यांपुढं आलं.

"आई, आपल्यात कुणाला होता का हा?"

तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"नुसती मान हलव."

"मान हालवली तरी सांगितल्यागतच झालं न्हवं," ती म्हणाली. "तुझ्यावर आलंच हाय. मी नुसतं मनात आणलं हुतं, तुला सांगावं म्हणून, मागल्या जत्रंत, आन तुला हे निघालं. आता बोलले तर रेखीवर यील."

हे ऐकून मला हसावं की डोकं आपटावं कळेना. रेखाला वाचवायचं म्हणून आई जे पोटात ठेवून बसली होती, त्यानंच रेखा मरणार होती. मी ओरडले. तेव्हा माझ्या तोंडात फोड होते, शब्दागणिक चुरचुरत होतं, तरी ओरडले. देव असा नसतो म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "तुला काय ठाव देव कसा असतो?" खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही ठाऊक नव्हतं.

मी तिच्यासमोरच रेखाला फोन लावला. "तू उद्याच तपासायला जा. आपल्यात आहे कुणालातरी."

"कुणाला?"

"ते मला माहीत नाही."

"मग? आईला दे फोन."

मी फोन आईच्या कानाला लावला. आई म्हणाली, "काय न्हाई बाई. मंगीला औषधाचा तरास हुतोय, कायबी बोलती. तू तुझं बघ." त्यानंतर आम्ही एका घरात राहून बोलेनाशा झालो. जेवणाचं ताट ती माझ्यापुढं ठेवायची आणि आत निघून जायची. शस्त्रक्रियेपेक्षा, केमोपेक्षा मला ते दिवस वाईट गेले.

मामा

शिवणकाम करताना उसवायचं कसं हा प्रश्न पडला, की मी टाका कुठून घातलाय ते बघते. मी आईला विचारलं, "शपथ घातली कुणी?"

"आयेनं. माझ्या आयेनं."

"ती तर गेली."

"म्हणून तर," आई म्हणाली. "उचलायला लावणारीनं सुटली म्हणलं की सुटती. ती गेली, आता कोण म्हणणार?"

"ज्याच्यापुढं उचललास तो देव तुझ्या माहेरी अजून आहेच. देवापुढं घरातल्या थोरल्यानं म्हटलं तर?"

आईनं उठून पिशवी भरली.

नवरा माझी शस्त्रक्रिया होईपर्यंत राहून कोइमतूरला परतला होता आणि मला गर्दीत जायची मनाई होती, म्हणून शेजाऱ्यांची गाडी घेतली. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क. मायणी गेली, वडूज आलं, तिथून आत आजोळ. मामा पडवीत बसला होता. फौजेतून येऊन त्याला खूप वर्षं झाली, पण बसतो अजून ताठ. त्याला बहीण एकाएकी का आली कळेना, आणि माझ्याकडं बघायचं धाडस होईना.

आई चहाही न घेता देव्हाऱ्यापुढं गेली. खंडोबाच्या टाकापुढची भंडाऱ्याची वाटी पुढं ओढली आणि म्हणाली, "दादा, आयेनं मला बेलभंडारा उचलायला लावला हुता. तेवढा सोडव."

मामानं कसला, कशासाठी, काहीच विचारलं नाही. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "कुसमीचा?"

आईनं त्याच्याकडं बघितलं. "तुला कसं ठावं?"

"मला बी उचलायला लावला हुता. सुट्टीवर आलतो तवा. तुझं लगीन ठरायचं हुतं. आये म्हणली, हौसाला ठाव न्हाई, तिला कळू द्यायचं न्हाई."

"मला म्हणली, दादाला ठाव न्हाई."

मी दाराशी उभी होते. माझ्या मनात कळशा घेऊन उभ्या राहिलेल्या त्या दोघी आल्या, पण ते पुस्तकात वाचताना सुंदर वाटलं होतं. इथं दोन म्हातारी माणसं खाली बघत होती आणि मला त्यांचा राग येत होता, कीवही येत होती.

"सुटली," मामा म्हणाला. आई म्हणाली, "तुजी बी सुटली." दोघांनी भंडारा कपाळाला लावला.

मग आईनं सांगितलं. कुसुम तिची थोरली बहीण, तिची आक्का. मला एवढंच माहीत होतं, की एक मावशी होती, ती काविळीनं गेली. कावीळ नव्हतीच. तिला छातीत गाठ झाली होती, मग ती फुटली. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. आजीनं तिला मागल्या खोलीत ठेवलं आणि गावात कावीळ म्हणून सांगितलं. रोगाचं घर म्हटल्यावर धाकटीला कोण करून घेणार? फडकी आई बदलायची, तेव्हा ती मुलगीच होती. वास कुणाला येऊ नये म्हणून दारात लिंबाचा पाला जाळायची. दवाखान्यात नेलं की बोभाटा होणार, म्हणून नेलं नाही.

मामा टोपी फिरवत ऐकत होता. आई थांबल्यावर म्हणाला, "हौसे, आये बी त्यानंच गेली."

"आयेला दमा हुता."

"दमा मी सांगितला. तिनंच सांगायला लावला. मिरजंला मी नेली हुती. डॉक्टर म्हणला, उशीर झाला, घरी न्या." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "चल. सीधी बात, पोरीला आजच्या आज सांगू."

मला हे ऐकून भीती वाटायला हवी होती: आजी, मावशी, मग मी. भीती होतीच. पण आता आमच्या हातात रेखाला सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि दिवसही अजून शिल्लक होता.

विहीणबाई

आम्ही तिघं साताऱ्यात पोचलो तेव्हा रेखाची सासू दारात लसूण सोलत बसली होती. मी गाडीत आईला समजावलं होतं, की रेखाला बाजूला घेऊन सांग, सासूसमोर नको. लोकं काय घेऊन बसतील सांगता येत नाही. आईनं ऐकलं नाही. पाणी प्यायच्या आधीच, सासूसमोर, तिनं सगळं सांगितलं. माझी आई, माझी बहीण, ही लेक. मी तुमच्यापासून लपवून पोरगी दिली, म्हणाली. काय म्हणायचं ते मला म्हणा.

"फोनवर न्हाई म्हणालीस तू मला," रेखा आईला म्हणाली. "मी विचारलं होतं." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

सासू लसणाची परात बाजूला ठेवून हात झटकत उभी राहिली. मला वाटलं, आता सुरू होणार. ती म्हणाली, "आवं विहीणबाई, मग बसलाय काय? लेकरं मी बघते. सकाळी पयला नंबर लावा." मग बंद दाराकडं तोंड करून, "रेखे, भाईर ये. रुसायला पुढं लय दिवस हायत."

जवळ बसणारं माणूस कुठून मिळेल, ते आधी सांगता येत नाही. एवढं मी ह्या आजारात शिकले.

कादंबरी कुणी वाचावी

केमो चालू असेल तर वाचा, पण औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नको, तेव्हा काहीच वाचू नका. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी बागेचं दार उघडतात तो भाग जपून वाचावा, हुंदके आले की टाके दुखतात. एकटीनं वाचू नका. आई, सासू, बहीण, नणंद, जी कोण शेजारी बसली असेल तिला मोठ्यानं वाचून दाखवा आणि ती मध्येच उठून गेली तर हाक मारून बोलावू नका. दुसऱ्या दिवसाची वाट बघा.

नाव मला अजून माहीत नाही. मिरजेतल्या आणि साताऱ्यातल्या दुकानांत विचारलं, गोष्ट सांगितली, कुणालाच पत्ता लागत नाही. कुणाला माहीत असलं तर मला कळवा. माझी प्रत सध्या रेखाकडं आहे.

रिपोर्ट

तपासणीत रेखाच्या छातीत काहीतरी दिसलं. फार लहान, हाताला लागणारही नाही असं. तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट यायचा होता तोवर रेखा आईशी कामापुरतं बोलत होती आणि आई ते मुकाट्यानं घेत होती. आईचीही तपासणी करून घेतली. तिचं सगळं स्वच्छ निघालं. हे ऐकून तिला आनंद झाला नाही. "माझं कशाला स्वच्छ," एवढंच म्हणाली.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरांपुढं बसलो. रेखानं माझा हात धरला होता. डॉक्टर म्हणाले, आहे. रेखाच्या नखांचे वळ माझ्या हातावर उठले. मग ते म्हणाले, "पण अगदी सुरुवात आहे. बरं झालं वेळेवर आलात. ह्यातून बऱ्या होतील त्या."

रेखा रडायला लागली, मीही लागले. ते पूर्ण सुखाचं रडणं नव्हतं. ऑपरेशन होतंच, पुढची औषधं होती, फौजेतल्या नवऱ्याला कळवायचं होतं. पण वेळेवर हा शब्द मिळाला होता आणि आम्ही तो धरून बसलो होतो.

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली. रेखानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, कितीतरी दिवसांनी. आई आमच्याकडं बघत नव्हती.

"आक्काला बी असंच म्हणले असते का गं," तिनं विचारलं, "तिला वेळंवर आणली असती तर?"

कुणास ठाऊक, असं म्हणता आलं असतं. त्या काळी एवढे उपाय कुठं होते, असंही म्हणता आलं असतं, आणि ते थोडंफार खरंही होतं. पण आमच्या घरात बायकांच्या पोटात पुरेसं साठून झालं होतं.

"व्हय, आई," मी म्हणाले. "म्हणले असते."

आणि कुसुममावशी गेल्यावर इतक्या वर्षांनी, साताऱ्याच्या दवाखान्यात भर दुपारी, लोकांसमोर, माझी आई तिचं नाव घेऊन मोठ्यानं रडली.